भाकरी सुटली, कंबर धरली : मधुमेह, लो-कार्ब आहार आणि उतारवयातल्या पाठदुखीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठी ओलांडलेली, दहा-पंधरा वर्षं शुगर असलेली माणसं हल्ली ओपीडीत येतात ती एका हातात रक्ताचा रिपोर्ट आणि दुसरा हात कमरेवर ठेवून. रिपोर्ट सुधारलेला असतो, कंबर बिघडलेली असते. मधल्या तीन-चार महिन्यांत घरात भात-भाकरी बंद झालेली असते. मग प्रश्न सुरू होतात. बरेचसे प्रश्न सोबत आलेली सून किंवा मुलगा विचारतो; काका-काकू मान डोलावतात आणि निघताना दारात आपला खरा प्रश्न विचारतात. इथे दोन्ही घेतले आहेत.

भात-भाकरी बंद केल्यापासून कंबर दुखतेय. हे डाएटमुळेच ना?

कधी हो, बऱ्याचदा नाही. पासष्टीच्या माणसाची कंबर दुखायला डाएटची गरज नसते. मणक्यांची झीज, दिवसभर टीव्हीसमोर बसणं आणि एक जड बादली तेवढ्याला पुरतात. पण डाएटचा हात असतो तेव्हा तो ठरावीक वाटांनी येतो.

पहिली वाट पाण्याची आणि मिठाची. कर्बोदकं कमी झाली की यकृतातला आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा उतरतो. एक ग्रॅम ग्लायकोजेन सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून असतो, तेही जातं. इन्सुलिन खाली आल्यामुळे मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकतात. पहिल्या पंधरा दिवसांत दीड-दोन किलो उतरल्याचं जे कौतुक होतं, त्यात बरंचसं हे पाणीच असतं. पोटऱ्यांत गोळे येणं, पाठीत पेटके, उठताना अंधारी ही त्याची लक्षणं. हे बहुधा काही आठवड्यांत निवळतं.

दुसरी वाट बद्धकोष्ठाची. ज्वारी-बाजरी गेली की चोथाही गेला. रोज सकाळी कुंथणाऱ्या माणसाची कंबर दुखणारच, आणि लाजेपायी हे कोणी आपणहून सांगत नाही. तिसरी वाट स्नायू झिजण्याची. ती सगळ्यांत महत्त्वाची, तिच्याबद्दल पुढे सविस्तर आहे. चौथी वाट म्हणजे मूतखडा : मांस-पनीर वाढलं आणि पाणी कमी पडलं की खड्याचा धोका वाढतो. कळ एका कुशीतून सुरू होऊन जांघेकडे उतरते, माणूस गडबडा लोळतो, कोणत्याही कुशीवर चैन पडत नाही. साधी कंबरदुखी अशी नसते. तिला एखादी तरी आरामाची स्थिती सापडते.

आणि एक गंमत अशी, की वजन उतरल्याच्या आनंदात काहीजण एकदम रोज दहा हजार पावलं चालायला लागतात. वीस वर्षं न चाललेली पाठ आठव्या दिवशी तक्रार करते. तिथे बिचाऱ्या डाएटचा काही दोष नसतो.

लो-कार्ब म्हणजे नेमकं किती? आमच्याकडे तर भाकरीचं नावही काढू देत नाहीत.

साधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कर्बोदकं असली की त्याला लो-कार्ब म्हणतात. २० ते ५० ग्रॅमच्या आत गेलं की ते कीटो. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि घरोघरी गोंधळ होतो तो इथेच.

हिशेब करून बघा. पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे ३४ ग्रॅम कर्बोदकं असतात. अशा दोन भाकऱ्या, एक लहान वाटी भात, एक वाटी आमटी, एक पेला दूध आणि अर्धा पेरू एवढं मिळून १३० च्या आसपास जातं. म्हणजे दोन भाकऱ्या खाऊनही माणूस लो-कार्बच्या उंबरठ्यावर असतो. मात्र भाकरी पन्नास ग्रॅमची हवी. आपल्याकडे ताटभर थापलेली भाकरी सहज पाऊणशे-ऐंशी ग्रॅम पिठाची होते. एकदा पीठ वजनकाट्यावर ठेवा, मग वाद घाला.

सत्तरीनंतर कीटोच्या वाट्याला जायची गरज फार थोड्यांना असते, असं माझं मत आहे. लो-कार्बनं साखर उतरते यात शंका नाही. २०२१ साली २३ चाचण्या एकत्र करून केलेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांपर्यंत लो-कार्बवाल्यांमध्ये मधुमेह माघारी जाण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त दिसलं. वर्ष उलटेपर्यंत तो फरक बराच ओसरला होता. तेव्हा जे वर्षानुवर्षं निभेल तेच खावं.

मी कोशिंबीर-भाजी पोटभर खातो. मग अशक्तपणा का, आणि पाठ का धरते?

कारण पोट भरलं, पण स्नायूंना काही मिळालं नाही. आपल्या शाकाहारी ताटात प्रथिनं डाळीतून येतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती भाकरीतूनही येतात हे कोणाच्या लक्षात येत नाही. पन्नास ग्रॅम ज्वारीत पाच ग्रॅम प्रथिनं असतात. रोजच्या तीन भाकऱ्या बंद केल्या की पंधरा ग्रॅम गेली. वर ‘डाळीतही कार्ब असतात’ म्हणून आमटी पातळ झाली, ‘दुधात साखर असते’ म्हणून दूध गेलं. उरली काकडी आणि कोबी. अशा ताटावर साखर छान दिसते आणि सहा महिन्यांत मांड्या वितळतात.

उतारवयात स्नायू तसेही झिजत असतात, मधुमेहात जरा जास्तच. पाठीच्या कण्याला ताठ धरणारे स्नायू त्यात आलेच. म्हणून उतारवयात वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज मिळावीत असं सांगतात. साठ किलोच्या माणसाला साठ-सत्तर ग्रॅम. दोन वाट्या घट्ट वरण, एक वाटी मटकीची उसळ, एक वाटी दही, एक पेला दूध, पन्नास ग्रॅम पनीर, मूठभर शेंगदाणे आणि दोन लहान भाकऱ्या केल्या की पंचावन्नच्या आसपास पोचतो. दोन अंडी चालत असतील तर काम झालं. मासे खाणाऱ्यांना बांगडा-तारली आहेच. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल, तर हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तिथे साधारण ०.८ ग्रॅमवर थांबावं लागतं.

स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पाय कमजोर झालेत. अशा पायांचा भार पाठ उचलते.

मधुमेहाचा आणि पाठीचा थेट काही संबंध आहे का?

आहे, आणि तो कमी सांगितला जातो. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की ती शरीरातल्या कोलॅजेनला चिकटते आणि ते कडक होतं. मणक्यांमधल्या चकत्या, अस्थिबंध, सांध्यांची वेष्टनं यांची लवचीकता जाते. मधुमेह्यांचा खांदा आखडतो हे आपल्याकडे आता बऱ्याच जणांना माहीत आहे; पाठीतही तसंच काहीसं घडतं.

मधुमेहात आणि लठ्ठपणात जास्त दिसणारा आणखी एक प्रकार आहे, त्याचं लघुनाव ‘डिश’. त्यात मणक्यांच्या पुढच्या बाजूचा अस्थिबंध हाडासारखा घट्ट होतो. एक्स-रेत मणक्यांवरून मेण ओघळल्यासारखं दिसतं. सकाळी पाठ लाकडासारखी असते, पण दुखणं सहसा बेताचं. अशा ताठ कण्याच्या माणसानं पडणं मात्र हलक्यात घेऊ नये, साध्या पडण्यानंही तो मोडू शकतो.

मग नागीण. वय आणि मधुमेह दोन्ही तिला बोलावतात. बरगडीच्या खाली एकाच बाजूला, पट्ट्यासारखी आग होते. पुरळ दोन-चार दिवसांनी उठतो. तोवर कोणी हृदय तपासतं, कोणी मूत्रपिंड, कोणी मालिश करून घेतं. पुरळ दिसला की ७२ तासांच्या आत औषध सुरू झालेलं चांगलं, म्हणून जिथे दुखतंय तिथली कातडी रोज कोणालातरी बघायला सांगा.

एमआरआयमध्ये ‘गॅप’ निघालाय आणि ‘गादी सरकली’ म्हणतात. आता काय?

आता चहा घ्या. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांचे स्कॅन त्यात पाहिले होते. पन्नाशीच्या लोकांत ८० टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या होत्या, ऐंशीच्या लोकांत ९६ टक्क्यांच्या. केस पिकतात तशा चकत्या पिकतात. स्कॅनमधलं चित्र आणि तुमचं दुखणं जुळतं का, हे तपासणाऱ्या माणसानं हात लावून ठरवायचं असतं. रिपोर्टच्या कागदावरून ठरत नाही.

चालताना दोन्ही पाय भरून येतात, बसलं की बरं वाटतं. ही शुगरची नस आहे की पाठ?

तीन शक्यता आहेत. मणक्यातली वाट अरुंद होऊन नसा आवळल्या जाणं, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होणं, आणि मधुमेहाचा मज्जातंतूंवरचा परिणाम. तिसऱ्यात पाय बसल्यावरही, रात्री अंथरुणातही जळजळतात.

पहिल्या दोहोंतला फरक घरी ओळखता येतो. रक्तवाहिनीचं दुखणं नुसतं उभं राहिलं तरी दोन मिनिटांत थांबतं. मणक्याचं थांबायला बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. म्हणून अशी माणसं मॉलमध्ये ट्रॉलीवर रेलून तासभर फिरतात, सायकल मजेत चालवतात, आणि मंडईतून परतताना दर शंभर पावलांवर कट्टा शोधतात. जेजुरीच्या पायऱ्या चढताना त्रास कमी आणि उतरताना जास्त झाला तर मणक्याकडे बघा. उलट झालं तर रक्तवाहिन्यांकडे. मधुमेह्यात दोन्ही एकदम असू शकतात, तेव्हा पायाची नाडी तपासून घ्याच.

एका मांडीत एकदम भयानक कळ आली, आता जिना चढवत नाही. सायटिका का?

सायटिका बहुधा मागून, नितंबातून पोटरीकडे जाते. मांडीच्या पुढच्या भागात असह्य वेदना, मग काही आठवड्यांत गुडघा दगा देऊ लागणं, मांडी बारीक दिसणं आणि सोबत वजन घटणं असं चित्र असेल तर मधुमेही अमायोट्रोफी असू शकते. हा नसांच्या जाळ्याचा आजार आहे. चकवा असा, की तो साखर आटोक्यात असलेल्यांनाही होतो, आणि डाएट चालू असलं की घटलेलं वजन डाएटच्या खात्यात जमा होतं. बरा व्हायला महिने, कधी वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि थोडा अशक्तपणा मागे राहू शकतो. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

याच्याच जवळची आणखी एक गोष्ट : एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) तीन महिन्यांत दोन अंकांपेक्षा जास्त खाली आणला, मग तो इन्सुलिननं असो, गोळ्यांनी किंवा नुसत्या डाएटनं, तर नसांचं नवंच दुखणं उफाळू शकतं. साखर इतकी झपाट्यानं उतरली की डोळ्यांचा पडदाही काही काळ बिघडू शकतो. ११ वरून ७ वर यायचंय ना, या. पण एसटीनं या, विमानानं नको.

वजन उतरतंय म्हणजे डाएट लागू पडतंय. मग डॉक्टर खूश का नाहीत?

हा मला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. पाठदुखी असलेल्या म्हाताऱ्या माणसाचं वजन आपोआप घटायला लागलं तर डॉक्टरच्या डोक्यात घंटा वाजायला हवी. लो-कार्ब चालू असलं की ती घंटा वाजत नाही. घरचे अभिनंदन करतात, आणि डॉक्टरही.

मधुमेह्याला क्षयरोगाचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो, आणि आपल्याकडे मणक्याचा क्षय काही दुर्मीळ नाही. महिनोन्‌महिने एकाच जागी दुखणं, संध्याकाळची कणकण, रात्रीचा घाम, भूक मरणं. खोकला असेलच असं नाही. मणक्याचा साधा जिवाणूसंसर्गही मधुमेह्यात जास्त होतो. पायाची जखम किंवा लघवीचा संसर्ग याआधी झाला होता का, हे आठवून सांगा. मल्टिपल मायलोमा नावाचा रक्ताचा कर्करोग पाठदुखी, रक्त कमी होणं आणि क्रिएटिनिन वाढणं असा येतो, आणि शेवटच्या दोन गोष्टी ‘शुगरमुळे’ म्हणून सोडून दिल्या जातात. साठीनंतर मधुमेह नव्यानं निघाला, सोबत वजन घटलं आणि पोटातून पाठीत आरपार दुखत असेल तर स्वादुपिंड तपासायला हवं.

घाबरवायचा हेतू नाही. यातलं बहुतेकांना काहीही नसतं. पण ताटात काय बदललं आणि किती वजन उतरलं याचा मेळ बसत नसेल, किंवा खाणं पूर्ववत केल्यावरही काटा खालीच जात असेल, तर सीबीसी, ईएसआर, सीआरपी, क्रिएटिनिन या रक्ततपासण्या आणि एक एक्स-रे एवढ्यानं सुरुवात होते.

रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा कधी?

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसताना जिथे टेकतो तो भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली तर सकाळची वाट बघू नका. काही तासांचा उशीर कायमचा महागात पडतो. हुडहुडी भरून ताप आणि कुशीत दुखणं हेही तसंच, मधुमेह्याच्या मूत्रपिंडाचा संसर्ग झपाट्यानं चिघळतो. पडल्यानंतरचं तीव्र दुखणं, छातीत-पोटात फाटल्यासारखी कळ आणि घाम, तेव्हाही निघाच.

दुखण्यावर कोणती गोळी चालेल? मेडिकलवाला नेहमीची देतो, तिनं लगेच बरं वाटतं.

‘नेहमीची’ म्हणजे बहुधा डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक किंवा एटोरिकॉक्सिब. बरं वाटतं हे खरंच. पण मधुमेह्याची मूत्रपिंडं आधीच ताणाखाली असतात. त्यात बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, सोबत लघवीची गोळी, आणि वर ही वेदनाशामक गोळी असं त्रिकूट जमलं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तीन बाजूंनी आवळला जातो. लो-कार्बच्या पहिल्या आठवड्यांत शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, त्यात विदर्भ-मराठवाड्याचा मे महिना. क्रिएटिनिन चढायला चार दिवस पुरतात. म्हणून ही गोळी घ्यायचीच तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं, मोजके दिवस, आणि क्रिएटिनिन माहीत असताना.

पॅरासिटामॉल त्या मानानं सुरक्षित. म्हाताऱ्या माणसानं दिवसाला तीन ग्रॅमच्या वर जाऊ नये. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर कंबरदुखीवर तिचा गुण मर्यादितच. ऑस्ट्रेलियातल्या २०१४ सालच्या एका मोठ्या चाचणीत नव्या कंबरदुखीत ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. नसांच्या दुखण्यावरच्या गॅबापेंटिन-प्रीगॅबालिननं झोप येते, तोल जातो, पाय सुजतात. डोसही मूत्रपिंड बघून ठरवावा लागतो. रात्री लघवीला उठताना पडलेले कितीतरी पेशंट या गोळ्यांवर असतात. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांचंही तेच.

डाएट सुरू केलं तेव्हा शुगरच्या गोळ्या तशाच चालू ठेवल्या. चाललं ना?

नाही. इथेच अपघात होतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असताना भाकरी काढली की साखर ७० च्या खाली घसरते. माणूस मोरीत पडतो आणि आमच्याकडे ‘पाठीचा पेशंट’ म्हणून येतो. डाएट बदलायच्या आधी डोस बदलायचा असतो. आणि साखर घसरली की तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायचीच. ‘माझं लो-कार्ब आहे’ म्हणत शेंगदाणे चघळत बसू नये.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यांच्यासोबत कडक लो-कार्ब किंवा लांबलचक उपवास केला तर ग्लुकोमीटरवर आकडा जवळजवळ ठीक असतानाही रक्तात किटोनचं आम्ल साचू शकतं. मळमळ, पोटदुखी, धाप, कमालीचा थकवा. यंत्रावर १८० दिसतोय म्हणून घरी थांबू नका. पाठीचं ऑपरेशन ठरलं असेल तर या गोळ्या किमान तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात. सर्जनला गोळीचं नाव सांगा, ‘शुगरची पांढरी गोळी’ म्हणून भागत नाही.

पंचाहत्तरीच्या पुढच्या, चार आजार असलेल्या माणसाला एचबीए१सी आठच्या आत असला तरी पुष्कळ झालं. साडेसहाचा हट्ट मुलाचा असतो, पडतात आजोबा.

मणक्यात इंजेक्शन सुचवलंय. त्यानं शुगर वाढते म्हणे?

वाढते, ते स्टेरॉइड असतं. दोन-चार दिवस, कधी आठवडाभर आकडे चढे राहतात. आधी सांगून ठेवलं, त्या दिवसांत जास्त वेळा तपासलं तर निभावतं. साखर मुळातच ३०० असेल तर इंजेक्शन पुढे ढकलावं.

हाडांचं काय? डेक्सा (हाडांच्या घनतेचं स्कॅन) नॉर्मल आलंय.

मधुमेह टाइप दोनमध्ये डेक्सा फसवतं. हाडाची घनता बरी दिसते, पण हाडाचा दर्जा खालावलेला असतो. त्याच आकड्याला मधुमेह्याचं हाड लवकर मोडतं. म्हणून टी-स्कोअर (डेक्साचा आकडा) उणे २.५ ची वाट न पाहता उणे २ पासूनच उपचारांचा विचार करतात. पायोग्लिटाझोन ही शुगरची गोळी चालू असलेल्या बायकांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

मणक्याचं हाड दबायला मोठा अपघात लागत नाही. एसटीच्या मागच्या बाकावर बसलं, खड्ड्यातून गाडी उडाली, एवढं पुरतं. पूर्वीइतकंच उंच नेसलेलं लुगडं आता जमिनीवर लोळायला लागलं असेल तर उंची कमी झालीय. तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरनं घटली असेल तर एक्स-रे काढा.

वजन उतरवण्याचीही किंमत हाडं मोजतात. अमेरिकेतल्या ‘लुक अहेड’ या पाच हजारांवर मधुमेह्यांच्या चाचणीत, खाणं कमी आणि व्यायाम जास्त अशा गटात खुबा, ओटीपोट आणि दंड-खांद्याची हाडं मोडण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी जास्त निघालं. तो आहार लो-कार्ब नव्हता. म्हणजे वजन घटण्यातच हा धोका आहे. त्यात नाचणी आणि दूध दोन्ही ताटातून काढली तर बघायलाच नको : पन्नास ग्रॅम नाचणीत १८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पेलाभर दुधात २४०. पाळी गेलेल्या बाईला रोज १,२०० मिलिग्रॅम लागतं. कार्ब मोजूनही जमेल असं पुष्कळ आहे : दही, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाल्लेल्या मांदेली.

डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, ठरलेले आठवडे. तीन-तीन वर्षं दर रविवारी घेणारे लोक मी पाहिलेत. त्यानं कॅल्शियम चढून मूत्रपिंडं बिघडतात. आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेत असाल, त्यात शाकाहारी असाल, तर बी१२ तपासा. पायांची बधिरता आणि जाणारा तोल याचं सगळं खापर शुगरवर फोडू नका.

‘दोनच वेळा, पंचावन्न मिनिटांत’ जेवतो. एकादशीही करतो. कमरेला बाधेल का?

कमरेला थेट नाही. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे ही पद्धत घरोघरी पोचली आणि ती मुळात लो-कार्ब नाही. लोक दोन्ही एकत्र करतात. दोन जेवणांत साठ ग्रॅम प्रथिनं बसवणं कवळी लावलेल्या माणसाला अवघड जातं, एवढी माझी अडचण. इन्सुलिनवर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नका. एकादशीला साबुदाणा खाऊन आदल्या पंधरवड्याचं लो-कार्ब एका वाटीत संपतं, ते वेगळंच. भाजलेले शेंगदाणे, दही, राजगिरा बरा.

व्यायाम कोणता? दुखत असताना करू का?

दोन-तीन दिवसांच्या वर अंथरूण धरू नका. पडून राहिलेल्या म्हाताऱ्या स्नायूंची झीज भयंकर वेगानं होते, आणि ती भरून यायला महिने जातात.

सुरुवात अंथरुणातच. गुडघे दुमडून कंबर गादीवर हलकी दाबायची, मग नितंब उचलायचे, पाच मोजायचे, खाली. श्वास रोखायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात खुर्चीतून उठणं-बसणं, दहा-दहाचे दोन फेरे. मग भिंतीला हात लावून टाचा उचलणं. चालणं रोज, पण दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून. जेवणानंतरचे तुकडे साखरेलाही मानवतात. मणक्याची वाट अरुंद असेल त्यांनी चालण्याऐवजी स्थिर सायकल घ्यावी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असाल आणि साखर १०० च्या खाली असेल तर आधी थोडं खा. पायाला बधिरता असेल तर सकाळी हिरवळीवर अनवाणी चालणं सोडा, कोणी कितीही सांगो.

योगासनांबद्दल : हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकायची आसनं नकोत. पश्चिमोत्तानासनानं दबका मणका आणखी दबतो. भुजंगासनाची सौम्य आवृत्ती चालते. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झाला असेल तर शीर्षासन, सर्वांगासन बंद.

पट्टा बांधू का? शेक, मालिश, ट्रॅक्शन?

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या, त्यांत पट्टे आणि ट्रॅक्शन नेहमीसाठी देऊ नयेत असंच म्हटलंय. प्रवासापुरता पट्टा बांधला तर कोणी रागावणार नाही. शेक चांगला, पण गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून, आणि आधी सुनेच्या हाताला लावून बघून. बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. तेल हलक्या हातानं. पाठीवर उभं राहून तुडवणारे नातू-नाती लहान असताना ठीक होतं, आता हाडं तेवढी राहिली नाहीत.

गावाकडून वातावरची पुडी आणलीय. दोन दिवसांत गुण आला.

गुण इतका झटपट आला म्हणूनच संशय घ्या. लेबल नसलेल्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार वारंवार सापडलेत. डाएट तेच असूनही साखर अचानक चढली, चेहरा गोल झाला, अंगावर काळे-निळे डाग उठू लागले तर पुडी डॉक्टरांना दाखवा. मात्र महिनाभराच्या वर घेत असाल तर एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं आहे.

पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून लो-सोडियम मीठ आणि नारळपाणी सुरू केलं. बरोबर?

दोन्हींत पोटॅशियम भरपूर. टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल चालू असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आधी रक्त तपासा. बीपी आणि हृदय ठीक असेल तर चिमूटभर मीठ घातलेलं ताक बहुधा पुरतं.

नातवाला उचलू का?

हा दारातला प्रश्न. हाड मोडलेलं नसेल आणि खुर्चीच्या परीक्षेत पास असाल तर उचला, पण जमिनीवरून नको. त्याला आधी पलंगावर चढू द्या. मग एक पाय पुढे, गुडघे थोडे वाकवून, त्याला पोटाशी घट्ट धरून उठा, आणि वळायचं असेल तर कमरेतून न वळता पावलं टाकून वळा. दहा किलोपर्यंत. त्याच्यापुढे तोच तुम्हाला हात देऊन उठवेल.